घरच्या बेलाची पानं

(अक्कलकोट रस्त्याकडेचं एक गाव, सोमवारची सकाळ. सोप्यात खाटेवर चंद्रव्वा पडून आहे. तिचा नवरा ईरप्पा धुतलेली टोपी घालून, झाकलेली परडी हातात घेऊन उंबऱ्यात उभा आहे. त्याला सोलापूरची एस्टी गाठायची आहे, पण बायकोनं हाक मारल्यावर त्याचा पाय काही निघत नाही.)

चंद्रव्वा : वास कशाचा येतोय म्हनून इचारलं मी. तुमी एस्टीचं सांगताय.

ईरप्पा : कसला वास? मला तर कायबी येत न्हाय.

चंद्रव्वा : तुमाला कसा येईल? जन्म त्यातच गेला की. औषधाचा वास हाय ह्यो. फवाऱ्याचा.

ईरप्पा : शिवारात कुनीतरी डाळिंबावर मारलं असंल. वारं हिकडं आलं असंल.

चंद्रव्वा : वारं? त्यो दारातला कढीपत्ता बगा. पान हलंना त्याचं.

ईरप्पा : तुला गोळ्या चालू हायती. तोंडाची चव गेली, तसं नाकाचं बी झालं असंल.

चंद्रव्वा : डॉक्टर म्हनले, जेवन जाईल. नाक जाईल म्हनले न्हाईत. तुमी लोकांच्या द्राक्षबागंत फवारून यायचा आन मी ते कपडे वढ्यावर नेऊन धुवायची. मेल्यावर बी वळखीन ह्यो वास.

ईरप्पा : सकाळच्या पारी मेल्याबिल्याचं काडू नको.

चंद्रव्वा : मग दुपारी काडू? महेश्वरी! ए महेश्वरी! कुटं गेली ही पोरगी?

ईरप्पा : मागं झाडास्नी पानी घालाया गेलीया. येतो मी.

चंद्रव्वा : थांबा. ती आल्याबिगर पाऊल टाकू नका.

ईरप्पा : ही एस्टी गेली तर पुढली दुपारी हाय.

चंद्रव्वा : सोलापूर कुटं पळून चाललंय का?

महेश्वरी : अप्पा, बेलावर काय मारलंत तुम्ही?

ईरप्पा : हळू बोल, पोरी.

चंद्रव्वा : हळू कशाला? हितंच हाय मी अजून. काय झालं गं?

महेश्वरी : काही नाही, अव्वा. तू पड.

चंद्रव्वा : पडलेलीच हाय की. आनिक किती पडू? मूठ का झाकलीस? उघड.

महेश्वरी : नको बघूस.

चंद्रव्वा : उघड म्हनते न्हवं.

महेश्वरी : सगळ्या अळ्या खाली पडल्यात. बेलाच्या बुडाशी. एकीनं कोष करायला स्वतःला दोऱ्यानं फांदीशी बांधून घेतलं होतं. ती तशीच लटकलीय. काळी पडून.

चंद्रव्वा : हिरव्या झालेल्या, त्या बी?

महेश्वरी : त्याच जास्त.

चंद्रव्वा : आन लिंबोनीवरच्या?

महेश्वरी : लिंबोणी बेलाला चिकटूनच आहे. तिथंही एक उरली नाही.

चंद्रव्वा : बोला की आता. वारं आलं हुतं न्हवं?

ईरप्पा : अळी पडली हुती झाडाला. अळी पडली की मारायची. दुसरं काय येतंय मला?

महेश्वरी : पडली हुती काय, अप्पा? बेल आधीचा, पण बाकीची झाडं अळ्यांसाठीच तर लावली आपण. दवाखान्यातून घरी न्या म्हणाले, त्या दिवशी मी हिला विचारलं, तुला काय हवं? साडी नको म्हणाली, गोड नको म्हणाली. फुलपाखरं येतील अशी झाडं आण म्हणाली. मी नर्सरीतून गुलाब आणला, मोठा गोंडेवाला झेंडू आणला, तर माझ्यावरच ओरडली.

चंद्रव्वा : ओरडू नको तर काय करू? त्या गोंड्यात बिचाऱ्यानी तोंड कुटं घालायचं? साधा झेंडू लागतोय, एकेरी पाकळीचा. घानेरी लागती. आन नुसत्या फुलांनी काय हुतंय? फुलावर येतंय ते पावनं. खातंय आन जातंय. अंडी घालाया पान लागतंय त्याला. लिंबोनी, कढीपत्ता, बेल. रुईचं वायलं, पानफुटीचं वायलं. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं असतंय.

ईरप्पा : रुई दारात लावू ने म्हनलं, तर मला म्हनती...

चंद्रव्वा : म्हनलं, माझ्या दारात आता वाईट व्हायचं ऱ्हायलंय काय?

ईरप्पा : तरी लावली की मी. खड्डं मी खंदलं, शेनखत मी घातलं. सावलीत नको, उन्हात लावा म्हनलीस. लावलं. फुलपाखरू चिखलातलं पानी पितंय, परातीत चिखल करून ठिवा म्हनलीस. ठिवला. गाव हसलं मला. चावडीवर म्हनत्यात, फवारावाल्या ईरप्पानं अळ्या पाळल्या.

चंद्रव्वा : हसू द्या की. मी काय फुकट मागितलं न्हाय. पाऊस झाला, बेलाला कवळी पानं फुटली, तवा कुटं ते काळं-पिवळं फुलपाखरू आलं. पोरगी फांदी वाकवून मला दावायची. पैल्यांदा पाखराच्या शिटेगत दिसत्यात अळ्या, कुनी खाऊ ने म्हनून. मग हिरव्यागार हुत्यात. बोट लावलं की डोस्क्यातनं तांबडं शिंग काडत्यात. एवढुसा जीव आन मला भ्या दाखिवतोय! मी हसले त्या दिशी. तुमी हुता की हितंच.

ईरप्पा : हुतो.

चंद्रव्वा : लई दिसांनी हसलीस म्हनला मला.

ईरप्पा : व्हय.

चंद्रव्वा : जन्मभर तुमी जीव मारत फिरला, ते पोटासाटी. मी कदी बोलले न्हाय. जाताजाता चार जीव आपल्या दारात वाढावं, एक तरी उडताना बगावं, एवढंच हुतं माझं.

महेश्वरी : अव्वा, मी आजच दुसरी रोपं आणते. अंडी असलेली कुठं मिळतात का बघते.

चंद्रव्वा : अंडी फुटनार कवा, अळी हुनार कवा, कोष उलनार कवा? तेवढा येळ हाय का माझ्याकडं? सांग. शिकलेली हायस तू.

महेश्वरी : मला माहीत नाही, अव्वा.

चंद्रव्वा : म्हाईत हाय तुला. तुझ्या अप्पाला बी म्हाईत हाय.

ईरप्पा : मला न्हाय म्हाईत! आन मला म्हाईत करून घ्यायचं बी न्हाय.

महेश्वरी : अप्पा, ओरडू नका. खाली बसा. परडी द्या इकडं.

ईरप्पा : हात लावू नको. देवाचं हाय.

महेश्वरी : बेल आहे ना? सिद्धेश्वराचा?

ईरप्पा : दर सोमवारी नेतो, आज काय नवं हाय त्यात?

चंद्रव्वा : देवाला दोन पानं वाहायला झाड फवारलं तुमी? देवळाभाईर बाया बसत्यात की बेल घिऊन. घ्यायचा त्यांच्याकडनं.

ईरप्पा : इकतचा चालत न्हाय. नवस घरच्या बेलाचा बोललोय.

चंद्रव्वा : कसला नवस?

ईरप्पा : बोललो हुतो. तुला दवाखान्यात घातली तवा. माझ्या हातानं वाढिवलेल्या झाडाचा बेल, दर सोमवारी, माझ्या हातानं. कुरतडलेलं पान देवाला चालत न्हाय, भोक पडलेलं चालत न्हाय. तिनी दळं धड पायजेत. मागल्या सोमवारी सगळं झाड धुंडाळलं तर वंजळभर निगालं न्हाय. तुझ्या अळ्या रोज नवं पान खात्यात. ह्या सोमवारी काय नेऊ मी? फांद्या नेऊ?

चंद्रव्वा : म्हंजे देवाचं पान ऱ्हावं म्हनून...

ईरप्पा : पान नव्हं. तू ऱ्हावीस म्हनून.

महेश्वरी : अप्पा, फवारा कधी मारला?

ईरप्पा : काल दिस मावळताना. तू आत हिचं अंग पुसत हुतीस तवा.

महेश्वरी : आणि पानं आज तोडलीत.

ईरप्पा : धुतल्यात. दोन पान्यानं धुतल्यात.

महेश्वरी : देवळातून आलात की यातलंच एक पान तुम्ही अव्वाला प्रसाद म्हणून देता. ती चावून खाते. आज पण देणार होतात?

ईरप्पा : धुतल्यात म्हनतो न्हवं!

महेश्वरी : औषध मारल्यावर द्राक्षाचा एक मणी तोडू द्यायचा नाहीत आम्हाला. बागेत पाय ठेवला तर काठी घेऊन मागं लागायचात. तेव्हा धुऊन का नाही दिलंत?

चंद्रव्वा : बास, पोरी. बास कर. धुतल्यात म्हनतात की ते.

महेश्वरी : अव्वा, धुऊन जात नाही ते.

चंद्रव्वा : मला सांगतीस? ह्यांचे कपडे मी बी धूतच हुते की.

ईरप्पा : चंद्रव्वा...

चंद्रव्वा : डॉक्टरनं इचारलं, घरात कामधंदा काय करता? तुमी म्हनला, शेती. फवाऱ्याचं काडलं न्हाईत. मी तुमच्या तोंडाकडं बगितलं आन गप बसले. आज बी गप बसले असते. पोरीनं काडलं म्हनून निगालं.

ईरप्पा : परडी घे, महेश्वरी. उकिरड्यावर टाकू नको, कुनाची शेळी तोंड घालंल. खड्डा काडून पूर.

महेश्वरी : हं. द्या.

चंद्रव्वा : आन तुझ्या मुठीतल्या बी त्यातच पूर. चुलीत टाकू नको. आपल्यात जाळत न्हाईत, पुरत्यात.

महेश्वरी : हो, अव्वा.

चंद्रव्वा : गेली का?

ईरप्पा : गेली. डोळं पुसत गेली.

चंद्रव्वा : या हितं. खाटंवर नको, अंग हादरतंय. खाली बसा. मला सांगा, नवस बोलताना मला इचारलं हुतं का?

ईरप्पा : ह्यात काय इचारायचं? तू ऱ्हावीस म्हनून मागितलं. वंगाळ मागितलं का?

चंद्रव्वा : ह्या कुशीवरनं त्या कुशीवर व्हायला मला पोरगी लागती. शाळंतली बिनपगारी रजा काडून बसलीया ती हितं. रातीला दात दाबून पडते मी, तुमची झोप मोडू ने म्हनून. आन तुमी म्हनता, अजून ऱ्हावं.

ईरप्पा : मी जागाच असतो.

चंद्रव्वा : म्हाईत हाय. घोरायचं सोंग बी येत न्हाय तुमाला.

ईरप्पा : मग काय करू आता? नवस तर मोडला.

चंद्रव्वा : देवाकडं जावा. मोकळ्या हातानं जावा. म्हनावं, बेल न्हाय, मी घालवला. हिचं दुखनं तेवढं कमी कर.

ईरप्पा : आन ऱ्हाऊ दे म्हनू?

चंद्रव्वा : नका म्हनू.

ईरप्पा : येवढं तरी म्हनू दे की गं.

चंद्रव्वा : म्हना. पर तितं जाऊन, मनात म्हना. माझ्या कानावर पडलं, तर मला बी ऱ्हावं वाटंल.