घाईचा निरोप

(अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक. खिडकीतून खालचं आवार दिसतं.)

वहिनी : ...म्हणजे ही खाली जमलेली माणसं तुम्ही बोलावलीत, भावोजी?

दीर : बोलावतोय कशाला? आपल्या प्रार्थनासभेतली आहेत. आपणहून आली.

वहिनी : फुलं घेऊन? एक अवाक्षर बोलत नाहीयेत. नुसती वर बघताहेत, याच खिडकीकडे.

दीर : दादाबद्दल आदर आहे हो. अवयवदान करा, अवयवदान करा, म्हणून व्यासपीठावरून मी किती वर्षं घसा कोरडा करतोय. आज माझ्याच घरातून...

वहिनी : पण त्यांना कळलं कसं?

दीर : सकाळच्या प्रार्थनेत दादाचं नाव घेतलं.

वहिनी : आजाऱ्यांसाठीच्या ना?

दीर : प्रार्थना ती प्रार्थनाच हो.

वहिनी : भावोजी, कुठल्या प्रार्थनेत?

दीर : निरोपाच्या, गेलेल्यांसाठीच्या. अहो, मेंदू मृत झालाय असं पहिल्या तपासणीतच दिसलं होतं. दुसरी आपली नियमापुरती.

वहिनी : नियमापुरती! आत त्यांची छाती वरखाली होतेय, आणि तुम्ही निरोप देऊन मोकळे?

दीर : यंत्रामुळे होतेय ती, वहिनी. आणि दानाला तुम्हीच हो म्हणालात.

वहिनी : दुसरी तपासणी झाली की सांगेन, म्हणाले होते. ह्यांची इच्छाच होती, मी हो म्हणणारच होते. पण ते माझ्या तोंडून यायचं होतं. आणि आई? त्या रोज घरी फोनवर प्रार्थना ऐकतात!

दीर : आज नसेल ऐकली.

वहिनी : पडलाय, बरा होईल, एवढंच सांगितलंय आपण त्यांना.

समन्वयक : ताई, मी इथलं अवयवदानाचं काम बघते. दुसरी तपासणी झाली. निष्कर्ष तोच आहे... डॉक्टर बोलावताहेत तुम्हाला. निर्णय तुमचा. नाही म्हणालात तरी कुणी काही म्हणणार नाही.

वहिनी : कुणी नाही? जरा खाली बघा.

समन्वयक : आणि लिफ्टपाशी एक आजी आल्यात. हातात लोकरीची टोपी आहे. आत गार असतं, त्याला घालायचीय म्हणतात.

दीर : आई! रडतेय का फार?

समन्वयक : नाही हो, हसताहेत. म्हणाल्या, धाकटा पहिल्यापासून धांदरट. भलत्याच प्रार्थनेत थोरल्याचं नाव वाचलं. चांगला कान पिळणार आहेत तुमचा.

दीर : वहिनी... मी सांगू तिला?

वहिनी : नको, भावोजी. तुमचं त्यांना आता खरं वाटायचं नाही. उठा, बसू द्या त्यांना इथे.