मला मारलंस ते मारलंस

हॅलो? …हॅलो! कोण, फिंटन? लंडनहून? थांब, कान बदलते… हो, टॅलनच्या औषधाच्या दुकानातूनच. आपल्या घरी कुठला आलाय फोन! …मी विनीच बोलतेय. तुझी बहीण. भूत नव्हे.

हसतोस काय? कादंबरीत मारलंस ना मला? दोनशे चौदाव्या पानावर, खोकून खोकून? …नाव मॉड ठेवलंस म्हणून काय झालं? चहात करंगळी बुडवून गरम आहे का बघणारी अख्ख्या डब्लिनमध्ये दुसरी कोण आहे?

…सगळ्यांनी वाचली. बंदी आहे म्हणूनच वाचली! एकच प्रत, प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात घालून फिरतेय. स्लायगोला हनोरा आत्याकडेही गेली. ती चर्चमध्ये बसून वाचायची. फादर म्हणाले, या वयात काय ही भक्ती!

…अरे, ऐक ना! मध्ये तीस पानं पूर्णविरामच नाही, आत्याला लागला दम. तिनं पुढची पानं चाळली, तर मी मेलेली. तिला वाटलं, सख्ख्या भावानं लिहिलंय म्हणजे खरंच असणार. दिलं की कार्ड पाठवून, माझ्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये पाच मिस्सा-प्रार्थना सांगितल्याचं! पोस्टमननं टोपी काढून माझ्याच हातात ठेवलं… पाच, हो. जिवंतपणी त्या बाईनं मला कधी एक अंडं दिलं नाही. …विचारलं ना फादरना. रद्द होत नाहीत म्हणे. राहू देत, पुढेमागे लागतीलच.

काय? …नाताळला येऊ का? हे विचारायला फोन केलास होय!

बाबांचं अवघड आहे रे. तोंड बघणार नाही म्हणतात… नाही, नाही, त्यांच्या दारूचं लिहिलंस त्यावरून नाही. पियानो विकला, खुर्च्या विकल्या, त्यावरूनही नाही. शाळामास्तरांनी त्यांना सांगितलं, तुमचं पात्र म्हणजे पुराणातला राज्य गमावलेला राजा. तेव्हापासून बटाटेसुद्धा हुकूम सोडून मागतात. …अरे, गाण्यावरून! 'वरच्या पट्टीत आवाज फाटला' असं लिहिलंस ना? म्हणतात, दारुडा म्हण, भिकारी म्हण, पण माझा आवाज फाटला? माझा?

…हो, कोटाचंही वाचलं. आम्हा दोघींत एक कोट. मी आठच्या मिस्साला जायची, धावत घरी येऊन आपल्या धाकट्या ब्रायडीच्या अंगावर चढवायची, मग ती दहाच्या. मी वाचताना हसले, फिंटन. आणि मग नाही हसता आलं. तेरा वर्षांची होती रे ती, गेली तेव्हा.

…काय, ऑपरेटरताई? तीन मिनिटं झाली? अजून तीन द्या, पैसे हा भरतोय.

हां. खरं सांगू? आधी रागच आला मला. तिचा खोकला मला दिलास, आणि तिला शाळेत मास्तरीण केलंस, नवरा दिलास, आठवा महिना लावून दिलास. बारा वर्षं बाबांचं मी करतेय, आणि मरायचंही मीच? …नको, माफी नको मागूस. ऐक.

बाबा रोज दुपारी तेवढंच पान काढून बसतात. ब्रायडी चहाला येते, पोट सावरत खुर्चीत बसते, ते. मी आत गेले की वर्तमानपत्र पुढे ओढतात. मला काही कळत नाही असं वाटतं त्यांना.

…नाही, तिथंच संपतं ना ते! पुढे तू लिहिलंच नाहीस. आज सकाळी बूट घालता घालता मला म्हणाले, "फिंटनचा फोन आला तर विचार. मुलगा झाला की मुलगी?"

…फिंटन? …आहेस का?

मुलगी? …बरं. बरं, मुलगी. सांगते. पण तू शुक्रवारच्या बोटीनं ये. मला नाही रे एकटीला जमायचं हे… हो, मी दार उघडेन. आणि नाव काय ठेवलं म्हणून विचारतील, तर काय सांगू?

…हॅलो? …हॅलो?