सरड्यांची पाचवी

हसणार नसाल तर सांगतो. मुलीने पाळलेल्या दाढीवाल्या जातीच्या सरड्याची सात पिल्ले कामथडीच्या आमच्या घरी अंड्यांतून निघाली. पण पाच दिवस एकही पिल्लू खाईना. मुलगी रडकुंडीला आली.

शेजारच्या हौसाबाई म्हणाल्या, "पाचवी पुजली न्हाई, मग खातील कशी?"

मी लोकसाहित्याचा अभ्यासक, समजावले, "सटवाई माणसाच्याच बाळाचे भाग्य लिहिते."

"मग ह्यांच्या कपाळी कोण लिवतं?"

मी संदर्भग्रंथ चाळू लागलो. तिन्हीसांजेला त्यांनी पिल्लांच्या उघड्या काचपेटीशी सटवाईसाठी वही-पेन ठेवून दिवा लावला. दिव्यावर किडे झेपावले, पेटीत पडले आणि पिल्लांनी त्यांचा फडशा पाडला.

"किडे उजेडामुळे आले, सटवाईमुळे नव्हे," मी बजावले.

"व्हय सर. पण दिवा कुणासाठी लावला हुता?"