गाव रिकामं नव्हतं

बसा सगळ्यांनी. मागे पायरीवर उभे आहात त्यांनीही आत या, बाकं रिकामी आहेत.

शाळेच्या पडवीत आज एवढी माणसं जमली. याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, मला कळत नाही. टेकदादा जिवंत होता तेव्हा वर सड्यावर, त्या कातळमाळावरच्या त्याच्या दारात, आपण एवढे कधी गेलो नव्हतो.

मला सभेत बोलायची सवय नाही. म्हणून लिहून आणलंय. आणखी एक कारण आहे. न लिहिता बोलले तर मी मला सोयीचं तेवढंच बोलेन. अक्षरं आणि पाढे मला बाबांनी घरीच शिकवले, शाळेत मी नंतर आले. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं बाबाच घालतात, तेही मी त्यांच्या मागे उभी राहून ऐकत मोठी झाले. ते म्हणायचे, देवासमोर आहे तेवढंच बोलायचं, वाढवायचं नाही आणि गाळायचं नाही. आज तसंच बोलायचा प्रयत्न करते. चुकले तर थांबवा.

टेकबहादूर नेपाळातून आला, आंब्याच्या बागेची राखण करायला. एका हंगामासाठी आला होता, तो राहिला. पुढे पवित्रावहिनी आली. सरिता इथेच जन्मली, याच शाळेत शिकली. ती शाळेत आली त्या वर्षी पट कमी म्हणून शाळा बंद होणार होती. आपली मुलं आपण शहरातल्या शाळांत घातली होती. वरच्या बागांतली नेपाळी मुलं होती, म्हणून ही पडवी उघडी राहिली. हे आपल्याला माहीत आहे. आपण बोलत नाही.

तो मालवणी कसं बोलायचा! माझा मुंबईचा चुलतभाऊ मे महिन्यात आला, बागेची वाट चुकला, आणि टेकदादाला हिंदीत विचारायला लागला. दादा म्हणाला, "खंय जावचा आसा तुका? सरळ जा, फणसाकडे वळ." हा पुन्हा हिंदीत. तर दादा म्हणतो, "मेल्या, तू भायलो काय रे? मालवणी येना नाय?" तो भाऊ आठवडाभर कोणाला तोंड दाखवीना.

हसलात. हसा. तो असता तर तोही हसला असता.

पण आपण त्याच्याबद्दल काय काय बोलत होतो? जत्रेत खाज्याच्या दुकानाशेजारी मोमोची गाडी लागली, तेव्हा कोण म्हणालं, "आता जत्रा आमची रवली नाय"? बोटीवर खलाशी नेपाळी, बागेत ते, वाळूच्या कामावर ते, म्हणून ग्रामसभेत कोण ओरडलं, "हेंका आवरा, नायतर उद्या सरपंच पण तेंचोच"? मी नावं घेत नाही. मी स्वतः त्या सभेत होते आणि गप्प होते. माझा काका मस्कतला असतो. तिथे त्याला कोणी बाहेरचा म्हणून हाक मारली, हे त्याने फोनवर सांगितलं, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कोणाला जेवण गोड लागलं नव्हतं.

आता गावपळणीचं. तालुक्याहून आलेल्या मॅडम इथे आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि आमचा अख्खा गाव घरं सोडतो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर. पलीकडच्या गावाच्या हद्दीत झोपड्या घालून राहायचं. गावात कोणीही मागे राहायचं नाही. कोणीही. मग देवाचा कौल घेऊन परत यायचं. यात हिंदू-ख्रिश्चन असं काही नाही. वरच्या वाडीतले फर्नांडिसांचे सगळे आपल्या आधी झोपडी बांधून मोकळे होतात.

यंदा कौल झाला, तेव्हा टेकदादा आमच्या अंगणात आला. बाबांना म्हणाला, "आमी पण येव मा? कोंबडे बांधून ठेवलेत."

बाबांनी देवळात चार माणसांना विचारलं. मी चहा घेऊन गेले होते, मी ऐकलं. एक म्हणाला, "तो गावचो खंय? तेका कसलो नेम?" दुसरा म्हणाला, "बरा झाला. तेवढीच घरांवर नजर रवात." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आमच्या घरात नवीन फ्रिज होता, मला त्याची काळजी होती.

बाबांनी त्याला सांगितलं, "तुका नेम लागू नाय. तू रव." तो म्हणाला, "बरा. देवाक मात्र सांगा, मी हय आसंय म्हणान."

आम्ही निघालो. वेशीवर बाबांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या हुकुमापरमाना गाव रितो केलो हा. माणूस नाय, ढोर नाय, कोंबडो नाय, म्हाराजा." आणि आपण सगळे मोठ्याने म्हणालो, "होय म्हाराजा."

गाव रिकामं नव्हतं. बाकीची नेपाळी कुटुंबं तेव्हा आपल्या देशी गेली होती, तरी वर सड्यावर ही तीन माणसं होती. आपण देवाला खोटं सांगितलं, आणि सांगताना कोणाचीही जीभ अडखळली नाही. खोटं बोलतोय हे कळलं असतं तर अडखळली असती. आपल्याला ते खरंच वाटत होतं, आणि याचीच मला जास्त लाज वाटते.

ते तीन दिवस आपण कसे राहिलो, आठवा. दुसऱ्यांच्या जमिनीवर. त्यांच्या विहिरीचं पाणी. त्या गावच्या बायका सांगून गेल्या, "व्हया तितक्या न्या, विचारत बसा नको." रात्री भजन, दिवसा पत्ते. आपण मजेत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरिता धावत वेशीवर आली. "बाबाक फुरसा चावला. कोणतरी चला. गाडी हाडा." सड्यावर कातळाच्या कपारीत फुरसी असतात, तो विषारी साप चावला तर काय होतं, हे इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

वेशीच्या या बाजूला आपल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. वेशीच्या त्या बाजूला ती उभी होती. आणि आपण काय करत होतो? आपण चर्चा करत होतो. "कौल घेतल्याशिवाय आत जावचा नाय." "मग कौल घेवया." "कौल घेवक देऊळ आत आसा, जातलो कोण?" "तेका चेडवान हयपर्यंत हाडूचो, हयसून गाडी देतंव." म्हणजे मुलीनेच त्याला वेशीपर्यंत आणायचं. ती एकदा याच्याकडे बघत होती, एकदा त्याच्याकडे. माझ्या हातात स्कूटरची किल्ली होती. मी बाबांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. ती वळली आणि परत धावत गेली.

टेकदादा चालत आला. एका बाजूला वहिनी, एका बाजूला ती. फुरसं चावलेल्या माणसाला चालवू नये, हे आपण पोरांना शिकवतो. तो चालत आला आणि वेस ओलांडल्यावर पहिलं काय म्हणाला? "तुमका त्रास झालो."

मग आपण खूप धावपळ केली. ते खोटं नाही. गाडी भरधाव नेली, रक्त द्यायला पोरं गेली. पण त्याची मूत्रपिंडं निकामी झाली आणि तो गेला. लगेच गाडी आत गेली असती तर तो वाचला असता का? मी डॉक्टरांना विचारलं. एकदा विचारून समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. म्हणून मी असं म्हणणार नाही की आपण त्याला मारलं. एवढंच म्हणेन, की तो वाचेल की नाही हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, आणि तरीही आपण उभे राहिलो.

इथेच थांबलं असतं तर मी आज बोलले नसते. रडून घरी गेले असते. पण आता गावात वेगळंच चाललंय. नळावर ऐकलं, दुकानात ऐकलं. "गावात रवलो मा, देवान दाखवल्यान तेका." त्याला मागे कोणी ठेवलं? तो कोंबडे बांधून तयार होता! आपणच त्याला ठेवलं, आणि आता देवाने शिक्षा केली ती त्यालाच, असं आपण म्हणतो? देवाला कळत नसेल का, खोटं कोण बोललं ते?

आणि दुसरं. बागेच्या मालकांना काही जण सांगून आले, की बाईला आणि मुलीला लवकर पाठवून द्या. मोहोर आलाय, बागेत पुरुष माणूस हवा. गुरुवारी त्यांची गाडी ठरली आहे. सरिता दहावीत आहे. मार्चमध्ये तिची परीक्षा आहे. तिने कुठे जाऊन ती द्यायची? नेपाळातल्या ज्या गावाला ती जाणार आहे, तिथे ती आयुष्यात दोन वेळा गेली आहे, आणि तिथली भाषा तिला आपल्या मालवणीइतकी येत नाही.

आज सकाळी हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. मला वाटलं, ते नको म्हणतील. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "वाच. पण माका गाळू नको." मी गाळलं नाही, बाबा.

वहिनींना मी काल विचारलं, तुम्हाला जायचंय का? त्या म्हणाल्या, "माका कोणी रव म्हणान सांगूक नाय. जा म्हणान पण तोंडार कोणी सांगूक नाय. मालक फक्त गाडी सांगून गेले."

त्या इथे पहिल्या बाकावर बसल्या आहेत. त्यांच्याविषयी आपण देवळात ठरवलं, ग्रामसभेत ठरवलं, नळावर ठरवलं. प्रत्येक वेळी त्या बाहेर होत्या. आज त्या समोर आहेत. खोलीचं मी बघितलंय. आमची मागची पडवी मोकळी आहे, आई हो म्हणाली आहे. कामाचं काजूच्या कारखान्यात विचारलंय, अजून हो आलेलं नाही. म्हणजे सगळं जमलंय असं मी सांगत नाही. पण एकट्या आमच्या घराने सांगून त्या राहणार नाहीत. गावाने सांगायला हवं.

आता आपण उभे राहून टेकदादासाठी शांत राहूया. त्यानंतर कोणी लगेच चपला शोधू नका. एकेकाने वहिनींसमोर यायचं आणि जे काय मनात आहे, राहा किंवा जा, ते त्यांच्या तोंडावर, त्यांच्या डोळ्यांत बघून सांगायचं. जा म्हणायचं असेल त्यांनीही यावं. मी कोणाला अडवणार नाही.

सुरुवात मी करते. वयनी, रवा. जाव नकात. सरिता, तू पण.

टेकदादा, तुका नमस्कार.

उभे राहूया.