यादीतल्या माणसांकडे जाणारे डॉक्टर

नीलाकाकू, आणि शिफ्ट संपवून, कपडेही न बदलता सलमाबादच्या कामगार वस्तीतून मनाम्यापर्यंत आलेल्या तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मी डॉक्टर मधुरा. क्लिनिकमध्ये पाटणकर सरांच्या शेजारच्या खोलीत सहा वर्षं बसले. रोज बोलणं हेच माझं काम, पण असं सगळ्यांसमोर बोलायची सवय नाही. अडखळले तर सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एआय आलं. पेशंटने फोनवर त्रास सांगायचा, ते प्रश्न विचारणार, टिपण लिहिणार, औषध सुचवणार. डॉक्टरने वाचून मान्यता द्यायची, बस. आम्ही तिघे डॉक्टर होतो. एक जण त्या यंत्रणेवर देखरेख करायला जुफैरच्या ऑफिसात गेला. त्याचं चांगलं झालं. उरलेल्या कामाला एकच डॉक्टर पुरे, असं ठरलं. तो म्हणजे सर. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नव्हतं. माझा व्हिसा त्या नोकरीवर. मुलीची शाळा इथे.

मी म्हटलं, "सर, आपलं काम खलास. मी पुण्याला जाते."

सर म्हणाले, "सर्दी-खोकल्याच्या गोळ्या लिहिणं एवढंच आपलं काम असेल, तर खलास. आजारी माणसं खलास झाली का?"

राग आला मला. ज्याची नोकरी शाबूत, त्याला असं बोलायला काय जातं? खोटं कशाला सांगू, मी त्यांची चूक व्हायची वाट बघायला लागले. आणि झाली! त्यांनी दिलेली एक गोळी पेशंटच्या जुन्या औषधाबरोबर चालणारी नव्हती. मशीनने पकडलं. सरांनी माझ्यासमोरच पेशंटला फोन लावला. "पाटणकर बोलतोय. माझी चूक झाली. ती गोळी घेऊ नका." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं, त्याने पाहिलं. त्याला आणखी काय दिसतं, ते बघू या."

त्याला दिसत होते बीपीच्या गोळ्या न्यायचं थांबवलेले लोक. लांबलचक यादी होती. त्यांना मेसेज जात होते, उत्तर येत नव्हतं. ती यादी घेऊन सर मॅनेजरकडे गेले. म्हणाले, "माझी नोकरी आम्हा दोघांत अर्धी-अर्धी करा. उरलेल्या दिवसांत आम्ही या लोकांकडे जातो. सहा महिने बघा."

काकू, घरात पगार अर्धाच येणार म्हणून त्यांनी आधी तुम्हाला विचारलं होतं, हे मला फार नंतर कळलं. तुम्ही हो म्हणालात.

आम्ही सलमाबादला गेलो. पहिल्याच खोलीत कुडाळचे गावडे भेटले, वेल्डर. ते आज मागे उभे आहेत. सर त्यांच्या खाटेवर बसले. गोळीचं नावही काढलं नाही. घरचं विचारलं, कामाचं विचारलं. बऱ्याच वेळाने गावडेच म्हणाले, "डॉक्टरांनू, गोळी घेतलंय काय गरगरता. शिडयेर उभो कसो रवतलंय? सायबाक कळला तर काम जातला."

फोनवर हे ते कसे सांगणार होते? आणि आम्ही तरी कधी विचारलं होतं? सरांनी औषध बदललं, वेळ बदलली, पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. गावडे कामावर आहेत. बीपी ताब्यात आहे. सहा महिन्यांनी मॅनेजरने ते फिरतं काम कायम केलं आणि मला त्यावर पूर्ण वेळ घेतलं.

परवा हॉस्पिटलमध्ये सरांना भेटले. आजाराला तिसरा आठवडा लागला होता, आवाज पार खोल गेला होता. मी म्हणायला लागले, "सर, तुमच्यामुळे..." त्यांनी हात वर करून थांबवलं. "ते राहू दे. गावड्यांचं बीपी किती होतं?" मी आकडा सांगितला. छान हसले. ते आमचं शेवटचं बोलणं.

आज मला थांबवायला ते नाहीत. म्हणून तुम्हा सगळ्यांसमोर वाक्य पुरं करते. सर, तुमच्यामुळे मी डॉक्टर राहिले. मनापासून आभार.

आता आपण सगळे उभे राहू या आणि दोन मिनिटं शांतपणे सरांना आठवू या.