नूडल्सचं दुकान

चीनमधल्या छंगदू शहराच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर नवराबायको बसले होते. बायको चिडली होती.

"बँकेची नोकरी सोडून नूडल्सचं दुकान? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं, च्यालिन?"

"बुडालं तर ताई जेवायला घालेल, दादा घरात घेईल. आम्ही चौघं भावंडं तशीच वाढलोय, यान."

"तुझं बरंय. मी एकुलती. आपण बुडालो तर माझ्या आईबाबांना कोण बघणार?"

"ताईने तुझ्या आईला विचारलंसुद्धा."

"काय विचारलं?"

"गल्ल्यावर बसाल का म्हणून. त्या म्हणाल्या, जन्मभर एकाच पोरीवर लक्ष ठेवून कंटाळले, आता गिऱ्हाइकांवर ठेवते."

"आई असं म्हणाली?"

"हसत म्हणाली."

यान त्याच्याकडे वळली.

"रस्सा मात्र मी करणार. आईच्या हातचा कधीच तिखट होत नाही."