वाटेत अंथरलेली गोधडी

आल्याच न्हाईत हिकडं, साहेब. सांगतेय न्हवं — जान्हवीताई मागल्या ऐतवारी येऊन गेल्या त्या गेल्या, त्यावर मी त्यांचं तोंड बी बघितलं न्हाई. बंगल्यावर न्हाईत? मंग गेल्या असतील कुटं दुकानात, न्हाईतर पौडला — बायामाणसाला काय कमी कामं असत्यात व्हय? तुमी असं करा, गाडी वळवा आन् पौडात बघून या. गावल्या तर गावल्या. चहा केला असता तुमाला, पर दूधच न्हाई घरात. व्हय, दोन कप हायेत तितं. एक माजा. दुसरा — दुसरा बी माजाच. मला दोनदा लागतो, सकाळच्या गारठ्यानं बोटं वळत न्हाईत, सुई धरवत न्हाई, म्हणून कप धरून बसते घडीभर. तुमी ओट्यावर बसा की, ऊन छान आलंय.

न्हाई न्हाई, आत नगा येऊ, थांबा तितंच. राग मानू नगा, तुमच्यासारख्या माणसाला उंबऱ्यात उभं करायचं म्हणजे मला बी बरं वाटत न्हाई, पर बघताय ना — खाली गोधडी अंथरलीया. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपतुर. घर हाय केवढं आमचं, ही एक खोली आन् मागची एक, गोधडी घातली की पाय ठेवायला जागा ऱ्हात न्हाई. आमच्या मालकांना बी मी जेवायला ओट्यावर वाढते. खाली अस्तर, वर लुगड्यांचे थर, आन् कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या ठेवलाय दाबून. एक थर जरी सरकला तर पोटात झोळ पडतो, आन् एकदा झोळ पडला की उसवल्याबिगर जात न्हाई. मी कडंनं धावदोरा घालत घालत मधी जाते, म्हणून तर ह्या अंगाला शिवून झालंय आन् त्या अंगाला, दाराकडं, अजून निस्तं मोकळंच हाय. दार त्या खोलीचं. आत कोण असणार, साहेब? करडं कोंडलीत शेळीची. आता खोकलं ते करडूच. थंडी लागली की माणसावानी खोकतंय बघा, मी बी फसते कवाकवा.

सुई? सुई व्हय — सुटली खरी हातातनं. वयच झालं की आता. आन् खरं सांगू का, तुमी गाडीचं दार आपटलं ना, तवा दचकले मी. गाडीवाले लोक आले की माजं असंच व्हतं. जमिनीवाले एजंट येत्यात, हे दावा, ते दावा, सही कुणाची हाय — तुमी तसले न्हाई म्हणा. तुमी घरचेच. तुमच्या जान्हवीताईंमुळंच तर हे चाललंय सगळं. आदी मी काय, घरापुरती वाकळ शिवायची. एकदा कुंपणावर वाळत घातलेली बघून ताईंनी गाडी थांबवली, म्हणाल्या, मावशी, असली मला पायजे. मी म्हणलं, ही तर करडांना पांघरायची हाय. लई हसल्या. मोबाईलमधी फोटू काढला, हापिसातल्या बायांना दावला, आन् मंग एकेकीची गाठोडी यायला लागली — कुणाच्या आजीच्या साड्या, कुणाच्या पोरीचे शाळंतले फ्रॉक, एकीनं तर नवऱ्याचे जुने सदरे दिलते, नवरा गेलेला. ज्याची गोधडी त्याच्याच घरच्या कापडाची. बाजारचं कापड मी पोटात बी घालत न्हाई आन् वर बी न्हाई. सूनबाईनं, राजनंदिनीनं, मशीन घेतलं, ती तान्ह्यांच्या कुंच्या शिवते, उशीचे अभ्रे, पिशव्या — गोधडी मातूर माजी, हातची. आज ती बी न्हाई, दोऱ्याची रिळं आणायला गेलीया. लेक सिद्धनाथ वडापच्या जीपवर, मालक शेरडं घिऊन डोंगराला. व्हय, एकटीच हाय — म्हणजे येतीलच सगळी. आता येतील. शेजारची खळ्यावर गेल्यात भात झोडायला, पर येत्यात अधनंमधनं पाणी प्यायला. हाक मारली तर ऐकू जातंय. जात असंल.

ही व्हय? ही कुणाची म्हणताय? ही — कोळवणच्या कल्पनामॅडमची. फार्महौस हाय त्यांचं, वढ्याच्या कडंला. लेकीला द्यायचीया लग्नात. कुठलं? हे हिरवं? असंच हाय ते. असली इरकलं घरोघर असत्यात, साहेब, तुमच्या सोलापूरकडनंच येत्यात की सगळी. रफू? कुटं? — हाय खरं. काठाजवळ, निळ्या दोऱ्याचं.

आईला सुईत दोरा तुमी ओवून दिला व्हता?

हिरवा संपला व्हता म्हणून निळा. आन् आईला जवळचं दिसत नव्हतं. बरोबर हाय, चाळिशीनंतर सुईचं नाक दिसतच न्हाई, मला बी सूनबाईच ओवून देते. केवढे व्हता तवा? एवढे? मंग आता काय खोटं बोलू, साहेब. तुमच्या आईचीच हायेत. सगळी तिचीच. कल्पनामॅडमचं मी उगीच बोलले, तोंडात आलं ते बोलले. ताईंनीच आणून दिली गाठोडं बांधून, म्हणाल्या, ह्यांची आई गेल्यापासनं कपाटात पडून हायेत, कुणी हात लावत न्हाई, कसर लागायची. तुमच्यासाठीच हाय ही गोधडी. तुमाला न सांगता करायची व्हती, म्हणून मी — म्हणून खोटं बोलले मी, दुसरं काय न्हाई. बघा, डोळं भरलं तुमचं. मला बरं वाटलं, देवाशपथ सांगते. मघाधरनं तुमची भीती वाटत व्हती, आता जरा कमी झाली.

पदर कुटं गेला म्हणताय? ह्याचाच व्हय, हिरव्याचा? पदर — पदर काढला मी. जीर्ण झालता. म्हणजे न्हाई, जीर्ण कुटला, चांगला घट्ट व्हता, लालभडक, तुमाला आठवतोय की. कापावाच लागला. गोधडीत एवढा जाड पदर घालत न्हाईत, झोळ पडतो. चिंध्यांत टाकला? न्हाई हो, आईचा पदर चिंध्यांत टाकंन व्हय मी? दुपट्याला घातला. दुपट्याला म्हणजे —

आजीच्या लुगड्याचंच करत्यात की पहिलं. नवं कापड बोचतं तान्ह्याला.

साहेब, बोला की कायतरी. मी काय बोलून बसले, मला सांगू नगा म्हणलं व्हतं. त्या स्वतः सांगणार व्हत्या तुमाला. गोधडी पुरी झाली की दोन्ही एकदम पुढ्यात ठेवायची, मोठी तुमची आन् धाकटं — असं त्यांचं चाललं व्हतं. लई मनात व्हतं त्यांच्या. कितवा म्हयना हाय ते मी इचारलं न्हाई. उलट्या व्हत्यात, आंबट मागत्यात, मला कळतं तेवढं. आनंदाचीच गोष्ट हाय, साहेब, तुमी असं काय बघताय माज्याकडं? लपवलं न्हाई हो त्यांनी. लपवलं म्हणजे, भ्यायल्या. मागल्या खेपंला तसं झालं ना, म्हणून. जिन्यावरनं पडल्या आन् — व्हय, जिन्यावरनंच. तसंच सांगितलं दवाखान्यात. मी कुटं दुसरं काय म्हणतेय? मी काय बघायला व्हते का तितं? पर सूनबाई ब्लाऊजचं माप घेत व्हती तवा दंड बघितलाय मी त्यांचा. जिना असा दंड धरत न्हाई, साहेब, पाची बोटं उठत न्हाईत जिन्याची. तवा मी गप बसले, गिऱ्हाइकाच्या घरात आपण कशाला शिरावं. आन् काल तर तुमी निस्तं जेवण गार लागलं म्हणून हात उचलला, कुटं लागतंय हे बी बघितलं न्हाई; आज सकाळी इतं बसून एवढ्या रडल्या की माजा —

व्हय. आज सकाळी.

हायेत. आत हायेत. आता काय लपवू, माज्याच तोंडानं सांगून बसले. त्या खोलीला मागं दार न्हाई, खिडकी बी न्हाई, हे एकच दार. मला लई भ्याव वाटतंय, साहेब, उठून उभं ऱ्हायाचं झालं न्हाई माज्यानं अजून. तुमी मला ढकललं तर मी काय करणार हाय? पर माजं एक ऐका. एवढं एकच ऐका. मी तुमाला आडवत न्हाई. तुमची बायको हाय, तुमचं लेकरू हाय. निस्तं घडीभर दम धरा. मी ह्यो पाटा उचलते, वरवंटा उचलते, गोधडी गुंडाळते कडंनं, वाट करून देते. शिवण बिघडली तर बिघडू दे, पुन्हा घालीन. मंग बूट काढा, भिंतीला टेकून बसा खाली, आन् हळू हाक मारा त्यांना, नावानं. येतील त्या बाहेर. लई जीव हाय त्यांचा तुमच्यावर, न्हाईतर सासूची लुगडी कोण एवढी सांभाळून आणतं? उचलतेय मी. हे बघा, तांब्या उचलला. पाटा जड हाय, जरा थांबा — आईचं हाय हे, साहेब, त्याच्यावरनं नगा, मी म्हणतेय ना वाट करते, थांबा —

साहेब.

साहेब, बूट.

जान्हवीताई, कडी काढू नगा. मी ऐकला आवाज कडीचा, नगा काढू. ह्यांचा आवाज मघाधरनं आला न्हाई म्हणून तुमाला वाटलं असंल, इरघळले. मला बी वाटलं व्हतं. त्या निळ्या दोऱ्याचं बोलले तवा मला बी वाटलं, माणूस आतनं चांगला हाय. सकाळी मीच म्हणलं ना तुमाला, लेकराचं कळलं की पुरुष बदलतो, चहा प्या आन् जावा परत. ते ऐकू नगा माजं. तुमाला आतनं दिसत न्हाई, ताई, मला दिसतंय. आईच्या लुगड्यांवर बुटासकट उभे हायेत, मधोमध, आन् खाली बघंनात बी. कडी लावून घ्या.